जवसाच्या तेलातली उल्का

एका माणसाला फसवण्यासाठी मी पाच महिने खपले. त्याच्याविषयी मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल.

आमचं शेत लाखनी तालुक्यात, कायनाइटच्या खाणींपासून फार लांब नाही. नांगराला निळसर दगड लागायचे, लोक ते उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकायचे. एका वर्षी भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना आईच्या पायाला चिखलात काहीतरी टोचलं. तिनं हात घालून काढलं आणि भाताच्या बांधीतल्या पाण्यातच धुतलं. वीतभर लांबीचा दगड, मोराच्या मानेसारखा निळा, त्याची पाती पंख्यासारखी पसरलेली, आणि मधोमध कुरुंदाचा एक तांबडा खडा, डाळिंबाच्या दाण्याएवढा. बाकीच्या बाया म्हणाल्या, फेक. आईनं फेकला नाही. ओटीत घालून घरी आणला आणि माठाजवळच्या कोनाड्यात ठेवला.

आई शाळेत गेलेली नाही. पण एक दिवस तिनं मला हाक मारून दाखवलं, "हे पाय. विळ्याच्या टोकानं उभा ओरखडला तं ओरखडा पडते. आडवा ओरखडला तं पडतच नाही. येकच गोटा, आन् दोन सभाव." कायनाइटचा हा गुणधर्म पुढे मी पुस्तकात वाचला. आईला तो विळ्यानं कळला होता.

मी बारावीत असताना भंडाऱ्याहून एक सर आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आले. खनिजांचा संग्रह करणारे म्हणून जिल्ह्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी येताना गारगोट्या, अकीक, पॉलिश केलेले खडे आणि कुठूनशी विकत आणलेली नखाएवढी खरी उल्का आणली होती. मी भारावून गेले. पुढच्याच रविवारी आईला न विचारता तो निळा दगड पिशवीत घातला, एसटी पकडली आणि त्यांच्या घरी गेले. सरांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "साधाच आहे. पण ठेवून जा, तपासून सांगतो."

मी पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, "कुठेतरी ठेवलाय, शोधावा लागेल." तिसऱ्यांदा दार उघडलंच नाही. आत पंखा फिरत होता, जाळीतून दिसत होता.

आईनं कोनाडा रिकामा पाहिला. "माहा गोटा कुठी गेला वो?"

"सरांकडे दिला. तपासायला."

"मले इचारलंस?"

त्यानंतर आईनं मला कधी रागावून काही म्हटलं नाही. फक्त घरी कोणी पाहुणा आला आणि दगडाधोंड्याचा विषय निघाला, की ती म्हणायची, "होता येक माह्याकडं. पोरीनं दान केला." हे वाक्य मी बारा वर्षं ऐकलं.

या बारा वर्षांत मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाले आणि स्वतःचा संग्रह जमवला. बिस्किटांच्या डब्यांत कापूस घालून दगड ठेवायचे, प्रत्येकाखाली चिठ्ठी: काय, कुठे सापडला, कोणाला सापडला. तिसरी ओळ मी कधीच चुकवली नाही.

मग एका विज्ञान प्रदर्शनात सरांची काचेची पेटी मांडलेली होती, आणि पेटीच्या मधोमध आईचा दगड होता. तो तांबडा खडा मी शंभर दगडांत ओळखला असता. खाली वळणदार अक्षरात चिठ्ठी: "कायनाइट, कुरुंदासह. शोध: स्वतः."

मी म्हटलं, "सर, हा माझ्या आईचा दगड आहे. मी तुमच्याकडे तपासायला दिला होता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख पटल्याची खूण चेहऱ्यावर कुठेच नव्हती. आजूबाजूला दहाबारा शिक्षक उभे होते. ते हसून म्हणाले, "बाई, तुमच्या भागात असे दगड गुरं तुडवतात. त्यातला तुमचा कोणता आणि माझा कोणता, हे काय आता गुरांना विचारायचं?"

सगळे हसले. मग सरांनी मोठ्या मनानं एक छोटासा पॉलिश केलेला जांभळा खडा माझ्या हातावर ठेवला. "हा न्या. मुलांना दाखवा." मी तो घेतला, "थँक्यू सर" असंही म्हटलं. परतताना बस कारध्याच्या पुलावर आली तशी खिडकी सरकवून तो वैनगंगेत फेकला. त्या पुलावरच मी ठरवलं की या माणसाला हसण्यानंच मारायचं, आणि चारचौघांतच.

तुमसरकडे एक भट्टी बंद पडलेली आहे. तिच्या मागे मळीचा, म्हणजे धातू वितळवून उरलेल्या टाकाऊ दगडाचा, ढीग पडून असतो. दोन रविवार मी त्या ढिगात घालवले. बहुतेक तुकडे फसफसलेले, भोकाभोकांचे. मला हवा होता तो जड, बाहेरून गुळगुळीत, अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे असलेला आणि लोहचुंबकाला चिकटणारा. तसा एक सापडला, नारळाएवढा. बाजूचा भोकाभोकांचा भाग मी छिन्नीनं उडवला. पावसाळाभर बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या चिखलात, राइस मिलच्या राखेत गुंडाळून पुरून ठेवला. दिवाळीआधी बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर झकास गंज चढला होता. आता वरची काळी, जळालेली साल हवी होती. आकाशातून येताना उल्केचं वरचं अंग वितळतं, त्याची साल.

मी चुलीवर तो तापवून मोहरीचं तेल चोळत होते तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"का करून राहिली? गोटा तळून राहिली का?"

तिला सगळं सांगितलं. प्रदर्शनातली पेटी, चिठ्ठी, गुरांचं बोलणं, हसणारे शिक्षक. आई ऐकत राहिली. मग आत गेली आणि एक बाटली घेऊन आली.

"मोहरीचं नोको. चिकट राहाते. जवसाचं घे. जवस येकदा सुकलं का निंगत नाही." पदर खोचून ती चुलीपाशी बसली. एक हात देऊन तापवायचं, सुकू द्यायचं, पुन्हा एक हात. तवा काळा करतात तसं. आठवडाभर आम्ही मायलेकी दुपारी तेच करत होतो. इतक्या वर्षांत आई माझ्याशी इतकं बोलली नव्हती.

राहिला प्रश्न तो सरांपर्यंत पोचवायचा. इथे मी ते केलं, ज्याबद्दल मला वाईट वाटतं. मी मामाजींना, आईच्या भावाला, गाठलं.

मामाजींचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. आता ते पुनर्वसनाच्या गावात राहतात, थोडी शेती करतात आणि धरणाच्या पाण्यात जाळं टाकतात. सरळ माणूस. मी त्यांना एवढंच सांगितलं की एका सरांची गंमत करायची आहे. दगड न्यायचा आणि पाण्याकाठी सापडला म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही.

"खोटं बोलाचं मंग?" मामाजींनी विचारलं.

"थोडंसंच, मामाजी."

"तू म्हणतेस तं बोलतो."

मामाजी भंडाऱ्याला गेले. सरांनी दगड हातात घेतला, चुंबक लावला आणि खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. चौथ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: मध्ये सर, त्यांच्या हातात उल्का, बाजूला टोपी सारखी करत अवघडून उभे असलेले मामाजी. बातमीत मामाजींचा उल्लेख होता, हे मी कबूल करते. माझ्या आईचा कधीच झाला नव्हता.

त्या हिवाळ्यात पुन्हा प्रदर्शन भरलं. उल्केसाठी वेगळं टेबल, वर मखमल, मागे सरांनी स्वतः लिहिलेला मोठा फलक: "खरी उल्का कशी ओळखावी?" अधिकारी होते, शिक्षक होते, चारपाच शाळांची मुलं होती. सर बोलत होते आणि मी पहिल्या रांगेत उभी होते. माझ्या पिशवीत कानस होती.

सरांचं बोलणं संपल्यावर मी हात वर केला. "सर, मुलांना उल्केचं आतलं अंग पाहायला आवडेल. कोपरा जरासा घासून दाखवू का? उल्का घासल्यावर आत धातू चमकतो ना?"

"चमकतो तर!" सर खुशीत होते. "घासा की. अगदी थोडंसं."

मी घासू लागले. जवसाची साल सुटायला वेळ लागला. आईनं काम चोख केलं होतं. सालीखालून धातू चमकला नाही. हिरवट काच निघाली, आणि काचेत पावाला असतात तशी भोकंच भोकं. मी दगड उचलून पुढच्या मुलीच्या हातात दिला. "बघ बरं. आता फलकावरचा चौथा मुद्दा मोठ्यानं वाच."

तिनं स्पष्ट आवाजात वाचलं, "खऱ्या उल्केच्या आत बुडबुड्यांची भोके नसतात. अशी भोके असल्यास तो दगड बहुधा भट्टीची मळी असतो."

आधी मुलं हसली. मग शिक्षक हसले, त्यातले काही गेल्या वर्षी हसलेलेच. एक अधिकारी रुमालाआड हसला. सर काही बोलायला गेले आणि त्यांना फक्त खोकला आला. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. माझं पोट भरलं, असंच म्हणावं लागेल. जेवल्यावर वाटतं तसंच वाटलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "सर, त्या निळ्या दगडाबद्दल हे झालं."

"कोणत्या निळ्या?" त्यांनी खरोखरच विचारलं. ते नाटक नव्हतं. मी सगळं पुन्हा सांगितलं तेव्हा ते कपाळ चोळत म्हणाले, "तो होय. तो मी कापायला पाठवला होता. तुटला बराचसा. एकच खडा निघाला." त्यांनी पाकिटातून एक लंबगोल, गुळगुळीत, चकचकीत निळा खडा काढून टेबलावर ठेवला. त्यात कुरुंद नव्हता, पाती नव्हती, पंखा नव्हता.

तो खडा मी आईला नेऊन दिला. तिनं बोटानं फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हा माहा नाही. हा कोनाचाबी असू शकते."

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. पण वर्तमानपत्रवाल्यांना फजितीची बातमी आधीच्या बातमीहून जास्त आवडली. त्यांनी लिहिलं की एका मासेमाराने सरांना मळी उल्का म्हणून गळ्यात मारली. तोच जुना फोटो पुन्हा छापला. मामाजींना गावात लोक "उल्का" म्हणून हाक मारू लागले. त्यांच्याकडून मासे घेताना बाया विचारू लागल्या, "हे तरी खरे हायेत का?"

मी गेले तेव्हा मामाजी जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुह्या भांडनात माह्या तोंडाले काळं काहून लावलंस वो? माहं गाव गेलं, घर गेलं. येक शब्दच होता माह्यापाशी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावात चहाच्या टपरीपाशी गेले. दुपारची वेळ होती, पंधरावीस माणसं बसली होती. मी उभी राहून सांगितलं की तो दगड मी केला, मामाजींना काही ठाऊक नव्हतं, लबाडी माझी. कोणी म्हणालं, "मास्तरीन बाई, तुमीच शिकवून राहिल्या का हे पोराइले?" मी म्हटलं, "हो, मीच." वर्तमानपत्रालाही तसं पत्र लिहिलं. ते त्यांनी आतल्या पानावर, कोपऱ्यात छापलं. मामाजी माझ्याशी पुन्हा बोलायला लागले ते पुढच्या दिवाळीत. पूर्वीसारखं "भाची" मात्र म्हणत नाहीत, नाव घेऊन बोलतात.

ते पत्र सरांनीही वाचलं. एक दिवस ते माझ्या शाळेत आले. मुख्याध्यापकांना वाटलं, तक्रार करायला. सर म्हणाले, तक्रार नाही, दोन मिनिटं बोलायचं आहे. प्रयोगशाळेतल्या बाकावर ते माझ्यासमोर बसले. ते वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी प्रदर्शनात जाणं सोडलं होतं, हे मी ऐकून होते.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुझ्या आईचं नाव लिहायला हवं होतं. ते असो. मला एकच सांग. ती साल कशी केलीस? चाळीस वर्षं दगड पाहतोय मी. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. काय लावलं होतंस?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला व्याख्यानाच्या दिवशी जे भारावलेपण आलं होतं, तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. एखाद्या गोष्टीचं कोडं उलगडलं नाही की संग्रह करणारा माणूस कसा आतून पोखरला जातो, हे मला माहीत होतं, कारण मीही तशीच आहे. सांगायला एक शब्द पुरला असता.

मी शिपायाला चहा सांगितला. चहा आला. सरांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, मध्ये मध्ये माझ्याकडे पाहत. मी मुलांच्या वह्या तपासत राहिले. चहा संपल्यावरही ते थोडा वेळ बसले. मग उठले, छत्री घेतली आणि गेटकडे गेले. त्यांची बस गेल्याचा आवाज येईपर्यंत मी मान वर केली नाही.