लॉर्डसाहेबांचा मृत्युलेख

वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवतात. आमच्या दुबईच्या इंग्रजी दैनिकात ती फाइल माझ्याकडे असते, कारण पानं मी लावते. मालक ब्रिटिश लॉर्ड. पदवी घराण्यातून आलेली, तरुणपणी सैन्यात अधिकारी, मग वर्तमानपत्रं विकत घ्यायचा नाद. वर्षातून एकदा यायचे आणि पलटणीची पाहणी केल्यासारखे ऑफिसात फिरायचे. टेबलावर चहाचा कप दिसला की तोंड वाकडं.

ऐंशी ओलांडल्यावर एका फेरीत त्यांनी स्वतःचा मृत्युलेख वाचायला मागितला. आमचे संपादक पुण्याचे. त्यांनी मला पुढे केलं. लॉर्डसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, चार विशेषणं वाढवली आणि शेवटी एक वाक्य लिहिलं: दुबई बुडवणाऱ्या त्या मोठ्या पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी अंक बाहेर काढला. मग जरा थांबून, बाण काढून ते वाक्य पहिल्या परिच्छेदात नेलं. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या पावसात ते इंग्लंडमध्ये होते. अल कुसैसच्या छापखान्यात पाणी शिरलं तेव्हा गठ्ठे डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत गेले ते आमचे फोरमन, खेडच्या बाजूचे, आणि त्यांचे सोबती. फोरमन गठ्ठ्यासकट पडले. तेव्हापासून पाय ओढत चालतात.

"सर, तुम्ही त्या दिवशी इथे नव्हता," मी म्हटलं.

"लढाई सेनापतीच्या नावावर लिहितात."

"हरलेलीसुद्धा?"

संपादकांनी खोकून विषय बदलला.

यंदा लॉर्डसाहेब गेले. संपादक माझ्या टेबलाशी आले. "ती फाइल उघडा आणि पान छापायला सोडा. यल्ला, लवकर."

"पावसाचं वाक्य काढते."

"अहो, माणूस गेलाय. आता कशाला?"

"गेलाय म्हणूनच. उद्यापासून हेच खरं धरतील."

"लंडनला घरच्यांनी हाच मजकूर अप्रूव्ह केलाय. त्यांना काय सांगू मी?"

पावसानंतरच्या आमच्याच अंकात पहिल्या पानावर फोरमनचा फोटो होता, डोक्यावर गठ्ठा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. तो अंक मी त्यांच्या हातात दिला. "यात लॉर्ड कुठे दिसतो ते सांगा."

अंक घेऊन ते काचेच्या केबिनमध्ये गेले आणि फोनला चिकटले. मी पान अडवून बसले. छापखान्यातून फोरमनचा फोन आला.

"ताई, पान येतंय की आम्ही पण मरायचं?"

"थांबा जरा. तुमच्यासाठीच भांडतेय."

"माझ्यासाठी? मला कोणी विचारलं?"

विचारलं नव्हतं, हे खरं. पण इतकी वर्षं हातून शेकडो मृत्युलेख गेले होते, आणि डोळ्यांदेखत लिहिलेलं खोटं मला माझ्या हातानं पानात लावायचं नव्हतं.

संपादक बाहेर आले ते वाक्य दुरुस्त करूनच. आता ते असं होतं: त्यांच्या प्रेरणेने त्यांच्या माणसांनी गुडघाभर पाण्यातून अंक बाहेर काढला. "आता खलास. दोन्ही बाजूंचं राहिलं."

कोणत्या दोन बाजू? एक बाजू विलायतेत कोरडी बसली होती. तरी मी पान सोडलं. नोकरी मलाही हवी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम अल कुसैसला गेले. फोरमन मृत्युलेखाचंच पान वाचत होते. इंग्रजी त्यांना पुरेसं येतं.

"त्यांच्या माणसांनी म्हणजे आम्ही का, ताई?"

"हो."

"पाय मोडला तेव्हा विलायतेहून फोन आला होता त्यांचा. अंक निघाला का, एवढंच विचारलं. माझ्या पायाचं कोणीतरी सांगितलं, तर म्हणाले गुड, गुड."

त्यांनी तेच पान बाकावर पसरलं, वर डबा उघडला. सुकटीचं तेल फोटोतल्या लॉर्डसाहेबांच्या कॉलरवर उतरलं.

"बसा, भाकरी आहे."

मी बसले. ते पान मीच लावलं होतं, तरी तेल पुसावंसं वाटलं नाही.