खाटेखालच्या विटा

आमचे हे दिसायला एक नंबर. दात पांढरेशुभ्र, निंबाच्या काड्या चावून चावून घरामागचं झाड बोडकं करून ठेवलं होतं. पण रात्री शेजारी येऊन "झोपली का?" म्हणाले, की आंबलेल्या ताकाचा भपकारा! नवी नवरी मी, माणूस मनापासून आवडलेला, आणि तोंड फिरवून पडायचं. रडू यायचं मला. नवऱ्याला असलं सांगायची सोय तेव्हा कुठे होती?

यांची छाती जळायची. तेच निमित्त करून वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं. रात्री झुणका, वर ठेचा, हात धुतला की धाडकन खाटेवर, हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "पोटातलं आंबट घशात येतं. म्हणून जळजळ, आणि तोंडाला वासही त्यानेच. दात घासून जायचा नाही. लवकर जेवा, खाट डोक्याकडून विटांवर चढवा."

"वास? मले?" यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

घरी औषधाच्या पुड्या घेतल्या, पण विटांचं नाव काढू देईनात. "मी काय बिमार आहो?" मग हे वावरात गेलते तेव्हा मीच विटा सरकवल्या आणि गोधडी खालपर्यंत लोंबती सोडली. गुण आला हो! मी यांच्याकडे वळून झोपू लागले.

मग हे बहिणीच्या गावी गेले आणि नेमक्या तेव्हाच सारवताना सासूबाईंना विटा दिसल्या. आमच्याकडे खाटेखाली विटा लागत त्या एकाच कारणाने. बाईला दिवस गेले आणि पोट नाजूक असलं, की पायथा उंच करायचा. डोकं कोणतं, पायथा कोणता, कोण पाहतो! "काऊन वं, मले सांगतलं नाई?" म्हणत त्यांनी माझ्या हातातली घागरच काढून घेतली.

खोटं कशाला बोलू, मजा वाटली. कापूस वेचणं बंद, हातात चिंच, आणि शेजारणी माझी चाल पाहून मुलगाच होणार म्हणून सांगून राह्यल्या. नाही म्हणावं तर यांच्या तोंडाची गोष्ट गावभर, आणि विटाही जायच्या. मी आपली चिंच चोखत राहिले.

पण केळझरच्या गणपतीला नारळ द्यायचा म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांना बंडी जुंपायला सांगितली, तेव्हा माझं धाबं दणाणलं. देवाला कसं फसवू, माय! सासूबाईंना आत ओढलं आणि सगळं ओकून टाकलं.

वाटलं, आता लेकाची बाजू घेऊन माझा उद्धार करतील. त्या मटकन खाली बसल्या. बाहेर सासरे बैलांवर ओरडत होते. सासूबाईंनी दार लोटलं.

"याच्या बापाचंही असंच वं," त्या हळूच म्हणाल्या. "जलमभर नाकाले पदर लावून झोपली मी. मले वाटे, नवऱ्याचा वासच असा राह्यते."

मी त्यांच्याशेजारी टेकायला गेले. तोवर त्याच उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सांग लवकर, विटा डोक्याकडून का पायाकडून?"