पुसलेली पेन्सिल

मी झूऑलॉजीवाली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर हसणारी. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही...

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. आमच्या कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये माझं पीएच.डी.चं काम चालू होतं — सोयगावकडच्या जंगलात सापडलेल्या एका बुरशीचा अर्क मलेरिया झालेल्या उंदरांना देऊन बघायचा. बारा पांढरे उंदीर. सहांना अर्क, सहांना नुसतं पाणी. अर्कवाल्यांचं रक्त चक्क साफ झालं होतं! ते साफच राहतं का हे अजून महिनाभर बघायचं होतं, पण अर्क संपला होता आणि ती बुरशी पुन्हा कुठं सापडेना. माझी चार वर्षं त्या सहा जिवांवर उभी होती.

पाणीवाले सहा मरायला टेकले होते. त्यांना नियमाप्रमाणे सोडवायचं — मानेवर पेन्सिल आडवी दाबायची, शेपूट धरून हिसका द्यायचा. टक. संपलं. हे दुसऱ्या खोलीत करायचं असतं, पण मला घाई झाली होती. सकाळी अकराला मी अर्कवाल्यांच्या पिंजऱ्यांसमोरच्या टेबलावरच सुरुवात केली.

उंदरांची देखभाल करणारे शेखचाचा धावत आले. "मॅडम, हे काय करायलात? आधी पाणी पाजा, मंग दुसऱ्यांच्या नजरेआड न्या. मी खाटकाच्या घरचा हाय, आम्हीबी बकऱ्यापुढं बकरं नाय कापत!"

"चाचा, उंदीर आहेत ते," मी म्हटलं.

शेवटच्याची मान एका हिसक्यात तुटली नाही. तो किंचाळला. मी पुन्हा ओढलं, नाकातून रक्त उडालं. समोरचे सहाही जाळीला चिकटून बघत होते. मी पेन्सिल स्पिरिटनं पुसून ॲप्रनच्या खिशात टाकली, हात धुतले, वही घेतली.

आणि एक नंबरच्या पिंजऱ्यात... टक.

उंदराची मान खाली दाबली गेली, शेपूट मागं ताणलं गेलं, कुणी धरल्यासारखं. पिंजऱ्याला कडी. दोन नंबर — टक. तीन. मी वही फेकून चौथा पिंजरा उघडला, उंदराला ओंजळीत घेतलं. ओंजळीतच मान तुटली त्याची, गरम रक्त मनगटावरून ओघळलं. मी ओरडत होते, रडत होते. पाचवा.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल सहाव्या पिंजऱ्यावर टाकला, पिंजरा भिंतीकडं फिरवला. तिथं ते थांबलं.

आमचे गाइड आले. पाचही माना बघून म्हणाले, "हे तुझ्याच हातचं काम आहे."

"नाय साहेब, मॅडमच्या हातात वही होती. खुदा कसम, मी इथंच होतो!" चाचा म्हणाले.

"पेन्सिल दाखव."

मी खिशातून काढली. लालभडक, ओली.

पीएच.डी. गेली. एका उंदरावर कोण विश्वास ठेवणार? तो सहावा मात्र जगला, चाचांच्या हातून दाणे खायचा. मी समोर गेले की भिंतीकडं तोंड करून बसायचा.

आता मी मुलांना शिकवते. उंदीर मारायच्या आधी त्याला पाणी पाजायला लावते, बाकीच्यांवर कापड टाकायला लावते. मुलं कारण विचारतात.

प्रोटोकॉल आहे, म्हणते.