काकींची जोडवी आणि गव्हावरची ज्वारी

गिरणीवाल्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. दळण होईपर्यंत बायका बोलतात, आणि मोटारीच्या आवाजामुळं ओरडून बोलतात. आमच्या कळस गावातल्या निम्म्या घरांची गुपितं अशी माझ्या कानात येऊन साचलेली आहेत. यंदा मात्र जे साचलं, त्यानं माझंच डोकं दळून निघालं.

शालनकाकींचे पाय सुजले होते. इतके, की जोडवी बोटांत रुतली. डॉक्टर म्हणाले, कापून काढा. काकींचे मालक, आबा, सोनाराला बोलवायलाच निघाले होते, तर काकींनी त्यांना दारात अडवलं.

"तुमी धडधाकट हाय तंवर माझ्या जोडव्याला हत्यार लागायचं न्हाय."

झालं! आता सूज उतरवून जोडवी सुखरूप काढायची, एवढाच मार्ग उरला.

*

काकींच्या शेजारची संगीता. तिच्या वालचंदनगरच्या नणंदेनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, ग्लुटेन बंद केलं की अंगाची सूज उतरते. संगीतानं हे गिरणीतच जाहीर केलं. ग्लुटेन म्हणजे काय, ते तिलाही सांगता येईना, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, गव्हाच्या कणकेला चिकटपणा येतो ना, तो त्याच्यामुळं. काकींनी त्याच दिवशी चपाती सोडली आणि भाकरी धरली.

आठ दिवसांनी पाय जसेच्या तसे. मी जरा खोलात चौकशी केली, तर रोज सकाळी चहाबरोबर चार टोस्ट चालूच होते.

"टोस्ट कुठं गव्हाचा असतोय? त्यो बेकरीचा असतोय."



*

टोस्ट सुटले, तर संगीताला नवी शंका. गव्हावर ज्वारी दळली की थोडा गहू भाकरीत येणारच. शंका खरी होती, दगडात पीठ राहतंच. मग काकींचा डबा रोज पहिल्या नंबरला लागायला लागला आणि बाकीच्या बायका माझ्यावर डाफरायला लागल्या.

एके दिवशी आबाच दळण घेऊन आले. माझ्याकडून दगड उघडून घेतला, ब्रशनं झाडून घेतला, वर हात फिरवून खात्री केली. आणि मग स्वतःच्या चपातीचे गहू आधी ओतले.

*

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी काकींच्या सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, काही लोकांना गहू खरंच सोसत नाही, पण तो आजार वेगळा, तुमच्यात तसं काही दिसत नाही. तुम्ही घेता त्या बीपीच्या गोळीनंही पाय सुजतात. गोळी बदलतो, मीठ कमी करा, चपाती खुशाल खा.

काकींनी गोळी बदलली, मीठ कमी केलं, पापड-लोणचं सोडलं, पाय उशीवर ठेवले. चपाती मात्र खाल्ली नाही. इतके दिवस काढलेला उपास वाया गेला असं कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल.

पंधरा दिवसांत पायांची सूज उतरायला लागली. संगीता म्हणाली, ग्लुटेन. आबा म्हणाले, गोळी. मला आपलं वाटलं, दगड मी झाडला होता. खरं काय ते मला आजही कळलेलं नाही, आणि याचा मला त्रास होतो, कारण गिरणीत आलेला प्रत्येक जण आता मलाच विचारतो, गहू टाकू का ज्वारी?

*

परवा काकी आबांबरोबर खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि पोत्यावर बसल्या. मी मोटार बंद केली. आबा सगळ्या बायकांदेखत खाली बसले आणि त्यांनी काकींचा पाय मांडीवर घेतला. डावं जोडवं अलगद निघालं. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं, मलाही भरून आलं. संगीता तर नणंदेला फोनच लावायला लागली.

मग उजवा पाय. तेल झालं, साबण झाला, दोरा झाला. जोडवं जागचं हललं नाही.

आबांनी गाडी काढली, हा पाय डॉक्टरांना परत दाखवायला. काकी मागं बसल्या, डावं जोडवं मुठीत घट्ट धरून. गाडी हलली तशी त्यांनी मान वळवून विचारलं,

"संगे, गहू काय म्या उजव्या पायानं खाल्ला व्हता व्हय गं?"