पेन्शनला पात्र कोण, सांगा मॅडम!

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. ऑफिसातल्या कपाटावर जुन्या फाइली चढत जातात तसे ते आपोआप साचतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. नागपुरात पेन्शन सेक्शनला माझी उभी नोकरी चाललीय. लोक विचारतात, "बोअर नाही होत?" अहो, जिथं माणूस आपण जिवंत आहोत, अपंग आहोत, नाहीतर कुणाचे तरी वारस आहोत हे सिद्ध करायला येतो, तिथं बोअर व्हायला फुरसत कुणाला आहे!

*

नोव्हेंबर आला की आमचा सीझन. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना! आता तो मोबाइलवरही होतो. कॅमेऱ्यात बघायचं, डोळे मिचकावायचे, झालं.

एका रिटायर्ड हेडमास्तरांसमोर मी मोबाइल धरला. शेजारी काकू उभ्या. काका टक लावून बघताहेत, पापणी म्हणून हलेना.

"काकाजी, डोळे मिचकावा न. त्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे मोबाइलला कळत नाही!"

काका गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, बायको बाजूले उभी आहे. तिच्यासमोर तुमच्याकडं पाहून डोळा मारला, तं हयात राहीन का मी?"

काकू फणकारल्या, "मारा, मारा! माह्याकडं पाहून तं जन्मात कधी मारला नाही!"

काका असे लाजले, की डोळे आपोआप मिटले. मोबाइलनं तेवढ्यात त्यांना जिवंत ठरवून टाकलं.

*

आईवडील दोघंही गेले आणि मुलीचं लग्न झालेलं नसेल, कमाई नसेल, तर फॅमिली पेन्शन तिला मिळते. मात्र लग्न झालं नाही असं वेळोवेळी लिहून द्यावं लागतं. आमच्या कुसुमताई साठी ओलांडलेल्या, पण दर वेळी इस्त्रीची साडी नेसून हजर!

एकदा आमच्या सेक्शनमधला वानखेडे, जीभ जरा सैल, बोलून गेला, "ताई, तुमच्याकडून काहून लिहून घेतात कोण जाणे! आता काय होते तुमचं लग्न?"

ताईंनी खुर्ची ओढली. "काहून? नियमात वय लिवलं आहे का?"

"नाही."

"मंग! सरकारले अजून माह्यावर भरोसा आहे, आन् तुले काहून नाही गा?"

त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा वानखेडेकडून.

*

कुही तालुक्यातले एक सरकारी ड्रायव्हर होते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून नोकरी सोडून अपंगत्वाची पेन्शन मागत होते. त्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डानं तपासायला हवं. बोर्ड बसलेला तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद!

ते तिथूनच मला फोन करून विचारताहेत, "मॅडम, मी खाली पायरीवर बसून राहिलो. चढून गेलो तं डॉक्टर म्हणन फिट आहे. नाही गेलो तं मांडन गैरहजर. मंग पेन्शन भेटते तरी कोणाले?"

शेवटी बोर्डातले एक डॉक्टरच चहा प्यायला खाली उतरले आणि तिथंच पायरीवर बसून त्यांनी गुडघे तपासले. भला माणूस!

*

एका मयत कर्मचाऱ्याच्या दोन बायका पेन्शन मागायला आल्या. आम्ही भांडणाच्या तयारीत, शिपायाला दाराशी उभं केलेलं. तर दोघी एकाच ऑटोतून उतरल्या, धाकटीनं थोरलीचा हात धरलेला!

मी समजावलं, "पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न नियमात बसत नाही. पेन्शन फक्त थोरल्या बाईंना."

धाकटीचा चेहरा उतरला. थोरली मात्र मजेत! "द्या मंग माह्या एकटीच्या नावानं. चाल वं, भाजी घेऊन जाऊ." आणि जाता जाता माझ्याकडं वळून म्हणते, "बाई, तुमचा नियम माह्या सयपाकखोलीत तं येत नाही न?"

*

आता रामटेके काका. शिपाई म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली, घरात ते आणि मुलगी सुजाता. सुजाता पस्तिशीची, पण समज लहान पोरीची. अशा मुलीला वडिलांमागे जन्मभर पेन्शन मिळू शकते, फक्त ती स्वतःचं पोट भरू शकत नाही हे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. काकांना एकच घोर होता, आपल्यामागे पोरीचं कसं होणार?

आणि अडचण अशी, की काकांनी तिला आयुष्यभर 'मले येते' म्हणायला शिकवलेलं! मी म्हटलं, "काका, तपासणीच्या एका दिवसापुरतं 'येत नाही' म्हणायला शिकवा."

काका म्हणाले, "ते माह्याच्यानं नाही होणार मॅडम. एवढ्या मेहनतीनं शिकवलं, आता तिले उलटं कसं सांगू?"

तपासणीला मीच त्यांच्यासोबत गेले.

सुजाता दोन वेण्या घालून डॉक्टरांसमोर ताठ बसली.

"स्वयंपाक येतो?"

"येते!"

"कपडे धुता येतात?"

"येते!"

"एकटीला बसनं जाता येतं?"

"येते!"

प्रत्येक उत्तराला काकांची मान खाली. डॉक्टर हसले, "काका, हिला पेन्शन कशाला? हीच तुम्हाला पोसेल!" सुजाता खूश!

मग त्यांनी खुर्ची जवळ घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "सुजाता, समज, बाबा वारले. मग तू काय करशील?"

"डबा झाकून ठेवीन."

"कोणासाठी?"

"बाबासाठी. आल्यावर भूक लागन न त्याईले!"

डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. सुजाता टेबलावर वाकून त्यांचा हात बघत होती.

"पास झालो का मी?"

"झालीस बेटा," डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "पहिल्या नंबरानं."