रुमालाखालची बोटं

घोडेगावच्या बाजारावरून एसटी जाताना खिडकीतून पेंडीचा आणि ओल्या शेणाचा वास आला, की माझा उजवा हात आपोआप ओढणीखाली जातो. माझे वडील, अण्णा, त्या बाजारात म्हशींचे दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली हात धरून बोटं दाबून सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. मुलींना ही बोली कुणी शिकवत नसे. मी पुण्यात सायबर सुरक्षेचं एमटेक करत होते, तेव्हा अण्णांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी घरी आले. दुपारच्या उन्हाने पत्रे तापले होते, खाटेशेजारी माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर सांकेतिक लिपी उलगडण्याचा धडा. अण्णांनी माझा हात चादरीखाली ओढून घेतला आणि बोटं दाबली. नीट बघावं म्हणून मी चादर सारली, तर त्यांनी ती पुन्हा आमच्या हातांवर ओढली आणि परत तसंच दाबलं. "काय म्हनत्यात गं?" आईने विचारलं. मी अंदाजाने म्हणाले, "पाणी मागतायत." आईने चमच्याने पाणी लावलं. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझा हात सोडला. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांचे दलालीतले जोडीदार काका अजून त्या बाजारात बसतात. त्यांच्या हातात हात देऊन तसंच दाबलं, तर अण्णा काय म्हणाले ते सांगतील. दाब मला अजून पाठ आहे. आजही थांबा आला, कंडक्टरने विचारलं, "घोडेगाव, कुनी हाय का?" मी ओढणीखाली मूठ घट्ट मिटली आणि एसटी पुढे निघाली.