बाहेरचं भांडं

नातीचा नववा वाढदिवस कुठे करायचा, हे मला न विचारताच ठरलं होतं. शंका यायला मला एवढं पुरेसं होतं.

"आई, ज्यू लोकांचं डेली आहे, म्हणजे छोटं खाणावळीसारखं दुकान. कोशर, त्यांच्या धर्माच्या नियमांनी चालणारं," मुलगा म्हणाला. "तिथे मांस शिरतच नाही. भांड्यांचे नियमसुद्धा कडक. तुझ्या सोवळ्यासारखंच."

"आणि मासे?"

त्याने बायकोकडे पाहिलं. सून म्हणाली, "मासे असतात आई. पण वेगळे ठेवतात." खरं बोलली, तरी मला वाटलं, अजून काहीतरी दडवते आहे.

माझा संशय उगाच नव्हता. इथे परदेशात, बॉटनी डाउन्सला मुलाकडे आले त्याच आठवड्यात मॉलमध्ये बटाट्याचे चिप्स आवडीने खाल्ले आणि मग कळलं, त्याच तेलात मासे तळतात. तेव्हापासून मी बाहेर जाताना स्टीलचा डबा नेते आणि हॉटेलात सगळ्यांसमोर उघडून पोळीभाजी खाते. सुनेच्या स्वयंपाकघरातही माझी कढई वेगळी आहे, कानाला लाल दोरा बांधलेली. ती अंडी करते, म्हणून मी शेगडीला आधी फडका मारते आणि मगच कढई ठेवते. तिच्यादेखत. ती कधी काही बोलली नाही, आणि न बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

नातीला मात्र डब्याची लाज वाटते. तिला वाढदिवसाला एकच गोष्ट हवी होती. "आजी, नो डबा. सेम फूड ॲज अस. प्रॉमिस?" मी मान हलवली. नुसती मान हलवणं म्हणजे काही वचन नव्हे, असं स्वतःला बजावलं.

बेत ठरेपर्यंत माझी उलटतपासणी चालूच होती. शनिवारी बंद का? तो त्यांचा पवित्र वार. मग शुक्रवारी लवकर का बंद करतात? सूर्यास्ताआधी घरी पोचायचं असतं. बरं, फोन करून टेबल राखून ठेवा.

"ठेवत नाहीत आई," मुलगा म्हणाला. " वॉक-इन ओन्ली. जाऊन रांगेत उभं राहायचं."

गिऱ्हाइकाला भीक न घालणारी दुकानं मी पुण्यात पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून एवढं मात्र पटलं. रविवार ठरला. निघताना डबा मी शालीखाली घेतला.

पाऊण तास रांगेत काढून दारात पोचलो आणि नेमकी तेव्हाच शाल घसरली. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने डबा पाहिला. "सॉरी, नो आउटसाइड फूड इन हिअर," तो अगदी नम्रपणे म्हणाला. मी खुणेनेच विचारलं, रिकामा केला तर? त्याने नकारार्थी मान हलवली.

"आई, भांडंही चालत नाही त्यांना," मुलगा कुजबुजला. "त्यात काय काय शिजलंय, त्यांना काय माहीत?"

माझ्या डब्यात! ज्यात आजवर कांदासुद्धा गेलेला नाही! रांगेतले सगळे बघत होते. नातीने तोंड फिरवलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"द्या आई," सून हळूच म्हणाली. "मी गाडीत ठेवून येते."

मग मी बेगल खाल्ला, म्हणजे त्यांचा मधे भोक असलेला पाव, साधा, वर क्रीम चीज लावलेला. माझ्या डब्यावर जो एवढा संशय घेतो, त्याच्या स्वयंपाकघरात गडबड नसणार, अशी मनाची समजूत घातली. नात माझ्याकडेच बघत होती. मी दुसरा घास घेतला, तेव्हा कुठे तिने आपला पहिला घेतला.

परतताना सून गाडी चालवत होती. मी तिच्या शेजारी, डबा मांडीवर.

"राग आला ना, आई?"

"येणार नाही? माझं भांडं काय विटाळलेलं आहे?" बोलून गेले आणि लाल दोरा आठवला. मांडीवरचा डबा सरळ केला. मग विचारलं, "तुला येतो का गं?"

तिने आरशात पाहिलं, लेन बदलली.

"सुरुवातीला रोज यायचा," ती म्हणाली. "आता तुम्ही स्वयंपाकघरात यायच्या आधी मीच शेगडीला फडका मारून ठेवते."